जिओटेकमध्ये नव्याने येताय? आधी भेगा बघायला शिका

सिव्हिलची डिग्री हातात आली आणि महिनाभरात मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून तुर्भ्याला जायला लागले. खडक-माती तपासणाऱ्या एका छोट्या जिओटेक लॅबमध्ये नोकरी होती. कॉलेजात खडकाची ताकद म्हणजे एक आकडा, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्या आठवड्यात बसाल्टचे चार नमुने दाबून फोडायचे होते. 54 मिलिमीटर व्यासाचे, लांबी व्यासाच्या दुपटीहून थोडी जास्त. पहिले तीन सुतळी बॉम्बसारखे फुटले: 140, 155, 148 मेगापास्कल (ताकदीचं एकक). चौथ्याचा आवाजच झाला नाही. वरचा अर्धा तुकडा हळूच बाजूला सरकला आणि काटा 34 वर थांबला. मी वहीत 'नमुना सदोष' लिहिलं आणि तुकडे टोपलीत टाकले.

लॅबमधल्या मॅडमनी ते परत काढायला लावले. "कोन मोज."

तुटलेला पृष्ठभाग आडव्यापासून साधारण 60 अंशांवर होता, आणि त्यावर हिरवट पातळ थर होता. म्हणजे मशीनने तो नमुना फोडलाच नव्हता, आधीपासूनच्या भेगेवरून नुसता सरकवला होता. भेग आडवी असती तर वरच्या दाबाने ती आणखी मिटली असती. अगदी उभी असती तरी तिच्यावरून सरकवणारा जोर जवळपास शून्य. वाईट ती तिरकी. भेगेचा घर्षणकोन (ज्या उतारावर वरचा तुकडा आपोआप सरकू लागतो तो कोन) 30 अंश धरला तर सर्वांत घातक कोन 45 अधिक त्याचा निम्मा, म्हणजे बरोबर 60 येतो.

मी विचारलं, मग चारांची सरासरी काढू? ती 119 येते, आणि तो आकडा ना खडकाचा ना भेगेचा. चौथा नमुना रिपोर्टमध्ये वेगळ्या ओळीत गेला, 'भेगेवरून सरकला' अशा शेऱ्यासह. नव्या मुलांकडून ही सरासरी हमखास निघते, म्हणून इतकं लांबण लावलं.

खडक-अभियंते बिएनियाव्स्कींच्या आरएमआर पद्धतीत (खडकाच्या एकूण दर्जाला गुण देतात ती; 1989 ची आवृत्ती) 100 पैकी अखंड दगडाच्या ताकदीला जास्तीत जास्त 15 गुण आहेत. बाकीचे 85 आरक्यूडी (ड्रिल करून काढलेल्या दगडात लांब तुकड्यांचं प्रमाण), भेगांमधलं अंतर, त्यांची अवस्था आणि पाणी यांत वाटलेत. आपण मात्र सगळी मेहनत त्या 15 वर घालतो!

आरक्यूडी काढणं सोपं वाटतं. दीड मीटरच्या रनमध्ये (एका खेपेत ड्रिल केलेल्या लांबीत) कोअरचे, म्हणजे बाहेर काढलेल्या दगडी दांड्याचे, तुकडे 32, 24, 18, 14, 9, 8, 6 सेंटिमीटर आणि उरलेला चुरा. दहा किंवा त्याहून लांब तेवढेच धरायचे: 88 भागिले 150, म्हणजे 59 टक्के. खरी मेख आहे ती नैसर्गिक भेग कोणती आणि कोअर बॉक्समध्ये ठेवताना तुटलेला तुकडा कोणता, हे ओळखण्यात. ताजी तूट स्वच्छ, खरखरीत असते आणि दोन्ही तुकडे चपखल बसतात. असे तुकडे जोडून एकच मोजायचे. जुन्या भेगेवर गंज, माती किंवा पांढरं कॅल्साइट दिसतं. एक भिंग आणि खडू कायम खिशात ठेवा.

आणि बॉक्सवर भाळू नका. बसाल्टमध्ये खांबांसारख्या उभ्या भेगा असतात आणि आपलं बोअर असतं उभं. ते दोन भेगांच्या मधून सरळ खाली गेलं तर आरक्यूडी 95 येतो. पारसिकच्या डोंगरात जिथे जुनी खाण किंवा रस्त्याची कटिंग उघडी असेल तिथे जाऊन बघा, त्याच दगडात हात-हातभर अंतरावर उभ्या चिरा दिसतील. पावसाळ्यात त्यांत पाणी साचलं की ते दोन्ही बाजूंना ढकलतं, भेगेवरचा दाब कमी होतो आणि दाबाबरोबर घर्षणही.

आणखी एक गंमत. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा बसाल्ट लॅबमध्ये काळ्या पाषाणापेक्षा खूप आधी फुटतो. पण त्यात भेगा कमी असतात, त्यामुळे बोगद्यात बऱ्याचदा तोच निमूट उभा राहतो. फार दिवस उघडा ठेवला तर मात्र काही जातींचा मांजऱ्या भुगा होतो.

साइटवर लॉग (ड्रिलिंगची खोलीनुसार नोंद) लिहिताना माझी शेवटची मोठी चूक झाली ती घणसोलीजवळ. साडेनऊ मीटरवर कोअर जरा कमी आला, मी 'कोअर लॉस' लिहून मोकळी झाले. संध्याकाळी चहा पिताना ड्रिलर काका सहज म्हणाले, "तिथे पाणी गेलं होतं ना, मॅडम. वर यायचं बंदच झालं." ड्रिल करताना भोकात सोडलेलं पाणी खालीच निघून गेलं होतं, म्हणजे खाली उघडी भेग होती. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?

"तुम्ही बॉक्सकडे बघत होता."