बेस घेताय? नेकची जाडी बघा, पण आधी अंगठा बघा

नवीन पोरं बेस गिटारबद्दल विचारायला आली की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा माझा हात लहान आहे, पातळ नेकचाच घेऊ ना?" (नेक म्हणजे गिटारची लांब दांडी, जिच्यावर तारा दाबतात.) दुकानदार पण तेच सांगतो, पातळ म्हणजे सोपी, जाड म्हणजे पैलवानाची. मी बडोद्यात बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय, गणपतीत मराठी गाणी, नवरात्रात गरबा, थंडीत लग्नांची रिसेप्शनं, आणि माझं मत सरळ आहे की नुसती जाडी बघून काहीच कळत नाही. रुंदी किती, पाठ कशी घडवलीय आणि तुमचा अंगठा कुठे जाऊन बसतो, हे सगळं मिळून हात दुखणार की नाही ते ठरतं. त्यात अंगठा सगळ्यात महत्त्वाचा, आणि विकत घेताना त्याचा विचार कोणी करत नाही.

आधी रुंदी. ही नटपाशी मोजतात, म्हणजे तारा हेडस्टॉककडे, खुंट्यांच्या टोकाकडे, जातात तिथे जी पांढरी पट्टी असते तिथे. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मधे आला, जॅझ बेस १९६० मधे, आणि आजही बाजारात जे स्वस्त-महाग बेस दिसतात त्यातले पुष्कळसे या दोघांपैकी एकाच्या वळणावर बनलेले असतात. जॅझची नेक नटपाशी ३८ मिमी, प्रिसिजनची हल्ली साधारण ४१, आणि साठच्या दशकातल्या काही प्रिसिजन तर ४४ च्या वर. तीन मिमीत काय होतंय असं वाटेल, पण पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवर बसवलेल्या धातूच्या आडव्या तारा) सगळ्यात जाड तारेपर्यंत बोट न्यायला मनगट किती वळतं ते या तीन मिमीवरच ठरतं.

जाडी म्हणजे फिंगरबोर्डपासून, म्हणजे तारांखालच्या पुढच्या बाजूपासून, पाठीपर्यंतचं माप. आयबानेझच्या चार तारांच्या एसआर बेसची नेक पहिल्या फ्रेटला १९.५ मिमी आणि बाराव्याला २१.५, ही पातळातली समजा. पहिल्याच फ्रेटला २३ च्या आसपास गेली की हाताला भरीव लागते. मोजायचं असेल तर आपल्या गावात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) मिळणं काही कठीण नाही, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा एक तरी मित्र किंवा काका प्रत्येकाकडे असतोच. दोन फ्रेटच्या मधे धरून मोजा, फ्रेटच्या तारेवर ठेवून नाही.

आता गंमत अशी की दोन नेक, दोन्ही २१ मिमी, तरी एक हातात सडपातळ वाटते आणि दुसरी ठोकळा. ते नेकच्या खांद्यांमुळे, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडांमुळे. पाठीचा गोलवा कडेपर्यंत येताना लवकर उतरतो की कडेला लाकूड तसंच ठेवलंय, यावर सगळं आहे. सी शेप म्हणजे साधा गोल, सगळीकडे मिळतो तो. डी शेपची पाठ थोडी सपाट. यू शेपचे खांदे भरलेले. व्ही शेपला मधे कणा असतो, अंगठा वरून लपेटून वाजवणाऱ्यांना तो आवडतो, मला नाही आवडत. आणि हो, जुन्या फेंडरवर ए बी सी डी अशी अक्षरं असायची ती नटच्या रुंदीची, शेपची नाहीत, त्यामुळे कोणी जुना बेस विकताना "सी नेक आहे" म्हणाला तर नक्की कुठला सी ते विचारून घ्या.

बरं, अंगठा. बोटं पुढून तार दाबतात, अंगठा मागून टेकू देतो. नेक फार पातळ असली की अंगठा बोटांच्या खूप जवळ येतो आणि हात नकळत चिमटा काढल्यासारखा आवळला जातो, तळहातात भरायला काही नसतंच ना. मग अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग आहे तो दुखायला लागतो. घरी अर्धा तास वाजवून हे कधीच कळणार नाही. गरब्यात कळतं. तिथे एक राउंड सुरू झाला की गायक गाण्याला गाणं जोडत जातो, ताल हींच, सहा मात्रांचा, लय चढतच जाते, ग्राउंडवर हजारो माणसं गोल फिरतायत, तुम्ही मधेच हात झटकायला थांबू शकत नाही. बेसचं काम तसं सोपं असतं, मूळ सूर आणि पाचवा, पण हाताला सुट्टी नाही. माझ्याकडे एक काळ एक भलताच पातळ नेकचा बेस होता (नाव घेत नाही), स्टुडिओत तो लोण्यासारखा चालायचा आणि नवरात्रात तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत अंगठा बोलायला लागायचा. आता गरब्याला मी मध्यम सी शेपचा, पहिल्या फ्रेटला साधारण २१-२२ मिमीचा बेस नेतो, आणि जॅझसारखी अरुंद नट. माझा हात मोठा नाहीये, सांगून ठेवतो.

तर "हात लहान" याचं काय? लहान हाताचा खरा त्रास बहुतेक वेळा जाडीचा नसतोच, तो लांबीचा असतो. नेहमीच्या बेसची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ३४ इंच. त्यावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर जवळपास १३ सेंमी भरतं, म्हणजे तिथे एका फ्रेटला एक बोट या हिशोबाने हात ठेवला तर तर्जनी ते करंगळी तेवढं ताणायचं. नेक कितीही पातळ घ्या, हे अंतर एक मिमीने कमी होणार नाही. त्यावर दोन उपाय. एक, सिमांडलची पद्धत, जी उभ्या डबल बेसवाल्यांकडून आलीय: पहिलं बोट, दुसरं, आणि मग अनामिका-करंगळी जोडीने, चार फ्रेटऐवजी तीनच फ्रेट पकडायचे आणि बाकी हात सरकवायचा. ताण १३ वरून ९ सेंमीवर येतो. खालच्या फ्रेटवर हीच वापरा, पाचव्या-सातव्याच्या पुढे चार बोटं मोकळी करा. दुसरा उपाय म्हणजे ३० इंचाचा शॉर्ट स्केल बेस, तिथे तेच १३ सेंमी साडेअकराच्या आसपास येतं. आवाज थोडा गोलसर आणि तारा थोड्या ढिल्या लागतात, पण आठवी-नववीतल्या मुलांना मी बिनधास्त तोच सांगतो.

माझा एक मित्र इथल्या परफॉर्मिंग आर्ट्स कॉलेजात सतार शिकलेला, नंतर हौसेने बेस हातात घेतला. सतारीच्या दांडीपुढे बेसची नेक म्हणजे काहीच नाही, आणि तरी पहिल्या दिवसापासून त्याचा अंगठा एकदम मोकळा, कारण त्याला मागे अंगठा नुसता टेकवून हात वरखाली न्यायची सवय होती. त्याला बघूनच मी शिकणाऱ्यांना एक गोष्ट करायला लावतो: तार दाबा, सूर वाजवा, आणि मग अंगठा नेकवरून अर्धा इंच लांब घ्या. हाताच्या वजनाने सूर टिकला पाहिजे. टिकत नसेल तर एकतर तुम्ही चिमट्याने वाजवताय, नाहीतर बेसचा सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरेची जुळणी, खराब आहे.

आणि सेटअपचं पाप नेकच्या माथी मारणारे खूप आहेत. बाराव्या फ्रेटवर तार ४ मिमी वर असेल तर जगातली कुठलीही नेक जाडच वाटणार, ती २ ते अडीचवर आली पाहिजे. नटच्या खाचा उथळ असल्या तर पहिल्या दोन फ्रेटवर जास्तीचा जोर लागतो. तारा ४५-१०५ च्या असतील (ही तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तर जरा बारीक ४०-१०० लावून बघा. पावसाळ्यात लाकूड थोडं हलतं, त्यामुळे नवरात्राच्या आधी ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली लोखंडी सळई) एकदा बघून घ्यावा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि हात बसला नसेल तर जाणकाराकडूनच. हे सगळं झाल्यावर मग ठरवा नेक जाड आहे का ते.

पॉलिशबद्दल थोडक्यात. चकचकीत ग्लॉस पाठ घामाने चिकटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात घाम येत नाही असा बेसिस्ट मला भेटायचाय. साटीन, म्हणजे चमक नसलेली, बरी. स्वतःच्या, वॉरंटी संपलेल्या बेसची पाठ भांडी घासायच्या नव्या हिरव्या स्क्रबरने हलकेच एका दिशेने घासली तरी चिकटपणा जातो. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप (तारांखालचे चुंबकाचे डबे, जे सूर पकडतात) आधी टेपने झाका, नाहीतर चुंबकाला ती भुकटी चिकटते आणि मग बसा काढत.

दुकानात गेल्यावर बसून वाजवू नका. स्वतःचा पट्टा घेऊन जा, तुम्ही स्टेजवर लावता त्याच उंचीवर लावा, बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस साधारण एकाच जागी यायला हवा. मग दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे गेला तर डाव्या हाताला सुरांबरोबर नेकचं वजन पण उचलायचंय, अशा बेसला आतून खरखरीत असलेला रुंद चामड्याचा पट्टा लावून बघा, तरी पडत असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त मिळत असला तरी. नंतर पहिल्या चार फ्रेटवर एकच साधी लाइन पंधरा-वीस मिनिटं, न थांबता. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. बाराव्या फ्रेटवर भराभर चार फ्रेजा वाजवून "मस्त आहे" म्हणणारे नंतर खालच्या फ्रेटवर रडतात.

बोटांत मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, किंवा अंगठा-तर्जनी बधिर होत असेल तर ते नेक बदलून जाणार नाही, वाकलेल्या मनगटाने नस दाबली जात असू शकते, सरळ डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा.

पाच तारांचं पण सगळे विचारतात, कारण गायक पट्टी बदलतो आणि चार तारांवर न मिळणारा खालचा डी किंवा सी हवा असतो. पाच तारांची नेक नटपाशी ४५ ते ४८ मिमी असते, म्हणजे इथे रुंदीच जास्त जाणवते, आणि अंगठा वरून लपेटायची सवय असेल तर ती तिथे चालतच नाही, अंगठा पाठीच्या मधोमधच हवा. आधी चार तारांवर एक सीझन काढा, मधल्या काळात कोणाचा पाच तारी उसना मिळाला तर रिहर्सलला पूर्ण वेळ उभं राहून वाजवा, आणि ४५ वाला आणि ४८ वाला दोन्ही मिळाले तर फारच छान.