वणव्यानंतरच्या दगडमातीच्या लोंढ्याचा अंदाज: या चुका टाळा

९ जानेवारी २०१८ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेसिटो गावावर डोंगरातून चिखल, ओंडके आणि मोटारीएवढे दगड उतरले. २३ जणांचा बळी गेला. वरचे उतार आदल्याच महिन्यात थॉमस वणव्यात जळाले होते. त्या रात्री तिथे पाच मिनिटांत जवळपास १४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा लक्षात ठेवा. या विषयातल्या निम्म्या चुका पाऊस किती पडला एवढंच पाहण्याच्या आणि किती वेळात पडला हे न पाहण्याच्या असतात.

दिवसभराचा पाऊस पाहणे

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते. माळीण किंवा इर्शाळवाडी आठवली की डोळ्यांसमोर येते ती संततधार: माती पाणी पीत राहते, जड होते आणि एका रात्री कडाच सुटतो. वणव्यानंतरचा लोंढा बहुतेक वेळा असा जन्मत नाही. झाडोरा आणि पालापाचोळा जळालेला, वर राखेचा थर, आणि जळताना वनस्पतींतून निघालेल्या मेणचट द्रव्यांमुळे पुष्कळ ठिकाणी माती पाणी झिडकारणारी. अळूच्या पानावर पडल्यासारखं पाणी तिथे न मुरता घरंगळतं. वाटेतली राख, माती, घळीत साचलेले दगड उचलत ते काही मिनिटांत लोंढा होतं. त्यामुळे जमीन आधी ओली असण्याची गरज नसते. मोसमातली पहिलीच सर पुरते. ‘आज फार पाऊस नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. १५ मिनिटांची सर्वांत जोरदार सर कोणती, ते पाहा.

एककांचा घोळ

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, म्हणजे यूएसजीएसच्या, शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेलं, पाणलोटातून लोंढा येण्याची शक्यता सांगणारं समीकरण आज सर्रास वापरलं जातं. त्यात तीन गोष्टी लागतात: पाणलोटाचा २३ अंशांहून तीव्र उताराचा आणि मध्यम ते तीव्र जळालेला भाग (एकूण क्षेत्राशी प्रमाण), उपग्रहचित्रातून काढलेला डीएनबीआर हा जळिताचा निर्देशांक (१००० ने भागून), आणि मातीची धूप होण्याची क्षमता. यांना अनुक्रमे ०.४१, ०.६७ आणि ०.७० ने गुणून बेरीज करायची, तिला पावसाने गुणायचं, त्यातून ३.६३ वजा करायचे आणि येणाऱ्या संख्येचं लॉजिस्टिक सूत्राने (कोणतीही संख्या ० ते १ मध्ये बसवणाऱ्या) शक्यतेत रूपांतर करायचं.

इथला पाऊस म्हणजे १५ मिनिटांत पडलेले मिलिमीटर. तासाचा वेग नव्हे. समजा तीन मूल्यं ०.६, ०.५ आणि ०.२५ आहेत आणि सर ताशी २४ मिलिमीटर वेगाची आहे. १५ मिनिटांत ६ मिलिमीटर होतात. शक्यता सुमारे ७१ टक्के. चुकून २४ च घातले, तर जवळजवळ १०० टक्के. पाणलोटांच्या शक्यता रंगांनी दाखवणारा सगळा नकाशा लालभडक दिसू लागला की आधी हेच तपासा, आणि डीएनबीआर १००० ने भागायचा राहिला का तेही. एक सोपी कसोटी: पाऊस शून्य करा. प्रत्येक पाणलोटाचं उत्तर सुमारे २.६ टक्के यायला हवं. वेगळं आलं तर सूत्र लिहितानाच चूक झाली आहे.

आधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र वेगळ्या ऋतूतलं असेल तर वाळलेलं गवतही जळाल्यासारखं दिसतं. धूर आणि डोंगराची सावलीही फसवते. काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन राख उकरून पाहिलीच पाहिजे.

हे समीकरण प्रामुख्याने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नोंदींवर बेतलेलं आहे आणि वणव्यानंतरच्या पहिल्या काळासाठी आहे. झाडोरा परतू लागतो तशी लोंढ्यासाठी लागणारी सर अधिकाधिक जोरदार होत जाते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच आकडे चालवू नयेत. त्याच वेळी मेलेली मुळं कुजतात आणि काही वर्षांनी उथळ दरडींचा वेगळा धोका उभा राहतो. त्याचं गणितही वेगळं.

पाणलोटाच्या रंगावरून घराचा धोका ठरवणे

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची. नकाशावरचा लाल रंग सांगतो की या घळीच्या तोंडाशी लोंढा येण्याची शक्यता इतकी. तो पुढे कुठवर जाईल, हे त्यातून कळत नाही. मॉन्टेसिटोत १९२ क्रमांकाच्या रस्त्याच्या वरच्या बाजूला सक्तीने घरं सोडायला सांगितलं होतं, खालच्या बाजूला ऐच्छिक. मृतांपैकी बहुतेकजण ऐच्छिक भागातले होते. दगड आणि ओंडके पुलांखाली अडकले, लोंढा ओढ्याचं पात्र सोडून वस्तीत शिरला आणि १०१ महामार्ग ओलांडून समुद्राकडे गेला. तेव्हा नकाशा हाती आला की ओढ्याच्या काठाने खाली चालत जा. प्रत्येक पूल, प्रत्येक मोरी तुंबली तर पाणी कोणत्या गल्लीत वळेल, ते लिहून काढा. ती घरं रिकामी करण्याचा निर्णय पावसाचा अंदाज आला तेव्हाच व्हायला हवा. जळालेल्या उतारावर सर सुरू झाल्यानंतर हातात उरतात ती मिनिटं, आणि मॉन्टेसिटोत ती भर झोपेच्या वेळी आली.