सरकारी मदत आणि दवाखान्याचं बिल दोन्ही धरून घराघरातली विषमता कशी मोजायची

कल्याणकारी योजनांवरचा सरकारी खर्च वाढला की विषमता कमी झाली असं लगेच म्हटलं जातं, आणि आकड्यांमध्ये ती कमी झालेली दिसतेही. पण त्याच घरातलं कोणी आजारी पडलं की ती मदत दवाखान्यात जाते आणि वर कर्ज होतं, ते मात्र नेहमीच्या आकड्यात कुठेच येत नाही. मला हे फार खटकतं, म्हणून दोन्ही एकत्र धरून हिशोब कसा करायचा ते लिहितोय. एक्सेल आणि घरांचं उत्पन्न-खर्च सांगणारा एखादा सर्व्हे असला की पुरे.

आधी प्रत्येक घरासाठी तीन कॉलम करा. पहिल्यात फक्त कमाई, म्हणजे मजुरी, पगार, धंदा, भाडं, व्याज. दुसऱ्यात त्यात सरकारकडून आलेले पैसे मिळवायचे (पेन्शन, शिष्यवृत्ती, बेरोजगार भत्ता, मुलांसाठीची मदत वगैरे) आणि थेट कर वजा करायचे, हे झालं हातात येणारं उत्पन्न. तिसऱ्यात त्यातून औषधपाण्याचा खिशातला खर्च वजा करायचा. विम्यातून परत मिळालेली रक्कम या खर्चातून काढून टाका, पण स्वतः भरलेला प्रीमियम धरा. मग प्रत्येक कॉलमला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा, चार माणसं असतील तर दोनने, कारण एका छपराखाली बरेच खर्च वाटून जातात. ही पायरी गाळू नका, म्हातारी माणसं बहुतेक छोट्या घरात असतात आणि औषधांचा खर्च त्यांचाच जास्त.

आता गिनी निर्देशांक. कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेला, ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाकडेच. काढायचा असा: घरं गरीब ते श्रीमंत लावा, पहिल्याच्या उत्पन्नाला १ ने, दुसऱ्याच्या २ ने असं गुणत जा, बेरीज करा, दुप्पट करा, मग घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न याने भागा, आणि त्यातून (घरांची संख्या + १) भागिले घरांची संख्या एवढं वजा करा. पाच घरं असतील तर शेवटी १.२ वजा होतात.

समजा पाच घरं आहेत, प्रत्येकात चार माणसं, त्यामुळे वर्गमुळाने भागलं काय नि न भागलं काय, गिनी तोच येणार. कमाई ५, १०, १५, २५ आणि ४५. गिनी येतो ०.३८. खालच्या तीन घरांना ६, ३ आणि १ एवढी मदत मिळाली, वरच्या दोघांनी ३ आणि ७ कर भरला, म्हणजे हातात राहिले ११, १३, १६, २२, ३८. गिनी ०.२५. बहुतेक चर्चा इथेच थांबते, सगळे खूश.

आता औषधपाणी वजा करा. पहिल्या घराचा खर्च १, दुसऱ्यात मोठं आजारपण आलं म्हणून ६, मग १, २ आणि २. उरले १०, ७, १५, २०, ३६. इथे क्रम बदलला, दुसरं घर आता सगळ्यात खाली गेलं, त्यामुळे घरं पुन्हा नव्याने लावा, जुन्याच क्रमाने गणित केलं तर उत्तर चुकणार. नवा गिनी ०.३१. म्हणजे करांनी आणि मदतीने जेवढी विषमता कमी केली होती त्यातली जवळपास निम्मी एका आजारपणाने परत आली, आणि ज्या घराला सरकारने ३ दिले त्याच घरातून ६ दवाखान्यात गेले.

आता यातली सगळ्यात मोठी गफलत बघा. अनेक सर्व्हेंमध्ये उत्पन्न नसतंच, एकूण घरखर्चावरून घर किती सुस्थितीत आहे ते ठरवतात. दुसऱ्या घराने ते ६ कर्ज काढून भरले आणि बाकीचा खर्च होता तसाच १३ ठेवला, तर त्याचा एकूण खर्च १९ दिसणार, म्हणजे १६ खर्च करणाऱ्या तिसऱ्या घरापेक्षा ते श्रीमंत! आजारी माणसाच्या घराला कागदावर बढती देणारं हे मोजमाप मला अजिबात मान्य नाही. घरखर्चाचा डेटा वापरत असाल तर औषधपाण्याचा खर्च बाजूला काढूनच घरांची क्रमवारी लावा. अमेरिकेचा सेन्सस ब्युरो २०११ पासून गरिबीचं एक पूरक मोजमाप जाहीर करतो, त्यात घराने खिशातून केलेला वैद्यकीय खर्च उत्पन्नातून वजा होतो, आणि तेवढ्यानेच लाखो लोक गरिबीरेषेखाली जातात.

गिनी हा एकच आकडा, कोण बुडालं ते तो सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक घराचा औषधपाण्याचा खर्च भागिले हातात येणारं उत्पन्न काढा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमुळे यात १० टक्के आणि २५ टक्के या दोन रेषा रूढ झाल्या होत्या. दुसरं घर ४६ टक्क्यांवर आहे, ते दोन्हींच्या पार गेलं. पहिलं आणि चौथं दोन्ही ९ टक्क्यांवर, म्हणजे दोन्ही ठीक? नाही ना. समजा जगण्यापुरतं प्रत्येक घराला ९ लागतात. पहिल्याकडे त्यानंतर २ उरतात, त्यातला १ औषधात गेला म्हणजे निम्मे. चौथ्याकडे १३ उरतात, त्यातले २ गेले म्हणजे १५ टक्के. दुसऱ्याकडे तर उरतात ४ आणि लागले ६. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत अशीच आहे, जगण्यापुरतं वगळून उरलेल्यातले ४० टक्के किंवा जास्त गेले तर खर्च आवाक्याबाहेरचा धरायचा. दोन्ही पद्धतींनी काढा, पण एकच छापायचं असेल तर ही दुसरी छापा, गरीब घर त्यात लपत नाही.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या उपचारांचं काय, हा प्रश्न येतोच. त्याची खरी किंमत उत्पन्नात मिळवली तर डायलिसिसवरचा पेशंट वस्तीतला सगळ्यात श्रीमंत माणूस ठरेल. म्हणून प्रत्यक्ष वापर न धरता वयोगटाप्रमाणे सरासरी खर्च काढून त्या गटातल्या सगळ्यांना सारखा वाटतात, विम्याचा हप्ता सरकारने भरल्यासारखा. मी तो वेगळ्या कॉलममध्ये ठेवेन, मुख्य आकड्यात मिसळणार नाही, त्या पैशाने काही घरभाडं भरता येत नाही.

डेटा घेताना कालावधी जपा. दाखल होण्याचा खर्च साधारण वर्षभराचा विचारतात आणि गोळ्या-तपासण्यांचा गेल्या काही आठवड्यांचा, दोन्ही वर्षाच्या मापात आणल्याशिवाय बेरीज करू नका. गोळ्यांचा खर्च किरकोळ समजून सोडूही नका, गरीब घरांत खिशातून जाणाऱ्या पैशातला मोठा भाग बहुतेक तिथेच असतो. बुडालेली मजुरी आणि सोबतीला थांबलेल्या माणसाचं नुकसान मिळालं तर वेगळं नोंदवा, कारण कमी झालेली मजुरी पहिल्या कॉलममध्ये आधीच आलेली असते, परत वजा केली तर दोनदा मोजली जाईल.

आणि ज्या घरांचा औषधपाण्याचा खर्च शून्य आहे ती एकेक करून बघा. त्यात निरोगी घरं असतात, उपचार पूर्ण फुकट मिळालेली असतात, आणि आजारी असूनही पैसे नाहीत म्हणून गेलेलीच नाहीत अशीही असतात. ही तिसऱ्या प्रकारची घरं वरच्या एकाही आकड्यात पकडली जात नाहीत, उलट तिथे ती सुरक्षित दिसतात. 'आजारी होतात पण उपचार घेतले नाहीत का, कशामुळे' असा प्रश्न सर्व्हेत असेल तर त्यावरून ही घरं वेगळी काढा आणि तक्त्यात त्यांची स्वतंत्र ओळ करा, गिनीच्या अगदी शेजारी.