शिकागोतल्या जुन्या घराचा बोळ नव्याने ओतताना

शिकागोत १९१० ते १९४० या काळात बांधलेले विटांचे बंगलो एकमेकांना खेटून उभे आहेत. दोन घरांच्या मधून, पुढच्या फुटपाथपासून मागच्या अंगणापर्यंत, जेमतेम तीन फुटी बोळ जातो. तिथे त्याला गँगवे म्हणतात. पावसानंतर बेसमेंटची भिंत ओली दिसली की पुष्कळ जण आतून वॉटरप्रूफिंगचा रंग मारायला घेतात. त्याआधी बोळात जाऊन चार फुटी लेव्हल (पाणसळ) आडवी धरा. पाया बांधून झाल्यावर भिंतीलगत टाकलेली भर वर्षानुवर्षं दबत जाते आणि वरचं काँक्रीट तिच्यामागोमाग भिंतीकडे कलतं. मग छपरावरचं आणि बोळातलं पाणी थेट पायाशी जाऊन मुरतं.

अशा काँक्रीटवर अर्धा इंच नवा थर देऊ नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. आजच्या थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडलेले असतात. फुगणाऱ्या पाण्याला त्यांत जागा मिळते. ही युक्ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस सापडली. त्याआधी ओतलेल्या काँक्रीटमध्ये असे बुडबुडे नाहीत. ते ओलं होऊन गोठतं, भुसभुशीत होतं आणि वरचा थर एकदोन हिवाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. कललेलं, फुटलेलं काँक्रीट काढूनच टाकावं लागतं.

फोडण्याआधी

जागेचा सर्व्हे नकाशा काढून बघा. बोळ बहुतेक वेळा दोन मालकांत वाटलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्यांशी आधी बोला. दोघांनी मिळून केलं तर ढाळही नीट बसतो. परवान्याचं शहराकडे विचारून घ्या. सार्वजनिक फुटपाथला हात लावायचा असेल तर परवाना वेगळा लागतो. ८११ ला फोन करून गॅस, वीज आणि पाण्याच्या लाइनींच्या खुणा करून घ्या.

तीन फूट रुंद, चाळीस फूट लांब, चार इंच जाड स्लॅबचा राडारोडा साधारण तीन टन भरतो. तो ठेवायची आणि न्यायची सोय झाल्याशिवाय ब्रेकर भाड्याने आणू नका. भिंतीलगतचे सहा इंच ब्रेकरने न फोडता पहारीने उचकटून काढा. बंगलोच्या बाजूच्या भिंती साध्या मऊ विटांच्या असतात, पुढच्या देखण्या विटांसारख्या टणक नसतात. हादऱ्याने त्यांचे सांधे सुटतात. काँक्रीट कापताना करवतीला पाणी लावून ठेवा आणि पी-१०० (अतिबारीक धूळ अडवणारा) मास्क घाला, कारण ही धूळ सिलिकाची असते.

फोडताना एक जागा जपायची: पन्हळीचा पाइप जमिनीत शिरतो ती. तिथे खाली भाजलेल्या मातीचा जुना पाइप असतो आणि स्लॅब उचलताना त्याचा एल्बो हमखास तुटतो. तुटला तर सिमेंट थापून बुजवू नका. तुटकी कड सरळ कापा आणि स्टीलच्या पट्ट्यांचं रबरी कपलिंग लावून चार इंची पीव्हीसी जोडा. पन्हळीचं पाणी मागच्या अंगणात सोडायचं ठरलं असेल तर त्यासाठीचा पाइप आत्ताच स्लॅबखालून न्या.

स्लॅब निघाली की भिंतीचा एरवी झाकलेला भाग दिसतो. सांधे आत्ताच भरून घ्या, पण जुन्या विटांना चुन्याचा मऊ मसालाच लावा. कडक सिमेंटचा मसाला विटेपेक्षा टणक होतो. मग ओल आणि ताण सांध्याऐवजी विटेवर येतात आणि विटेचा चेहरा उडतो. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका.

भर आणि ढाळ

स्लॅबसाठी चार इंच आणि खडीसाठी चार इंच, एकूण आठ इंच खोदाई. शिकागोची माती चिकण आहे. ओली असताना तुडवली तर तिचा चिखल होतो आणि कितीही धुमसली तरी घट्ट बसत नाही. म्हणून दोनचार कोरडे दिवस बघूनच खोदा. बारीक चुऱ्यासकट पाऊण इंची खडी दोन-दोन इंचांच्या थरांत टाकून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. पाया जुन्या दगडाचा किंवा विटेचा असेल तर भिंतीलगत हातधुम्मसच वापरा.

शिकागोत पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण जमीन तिथवर गोठू शकते. चार इंची स्लॅब त्याच्या कितीतरी वर असते. ती थोडी वरखाली होणारच. तिला घरापासून सुटी ठेवा. घराच्या पायात सळया घुसवून स्लॅब बांधली तर हिवाळ्यात ती उचलताना एकतर स्वतः तडकते किंवा जुनी भिंत सोलून काढते. दोन्ही भिंतींना अर्धा इंच जाडीची फायबरची पट्टी स्लॅबच्या पूर्ण जाडीइतकी उभी लावा आणि तिच्यावर दोरीने खडूची रेघ मारा. हीच तुमची लेव्हल.

ढाळ हा या कामातला खरा प्रश्न. मोकळ्या जागी घरापासून दूर फुटाला पाव इंच ढाळ देतात. बोळात तसं केलंत तर पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला जातं. म्हणून मधोमध उथळ पन्हळ काढायची: दोन्ही कडांपेक्षा मध्य ३/८ इंच खाली. शिवाय लांबीत फुटाला किमान १/८ इंच उतार, म्हणजे चाळीस फुटांत पाच इंच. फळीची खालची कड तशाच पोटाची कापून घ्या आणि ती भिंतींलगतच्या दोन रेघांवरून ओढा. खडीलाही तोच आकार द्या, नाहीतर मध्यावर स्लॅब पातळ पडते. वरची पातळी विटांच्या पहिल्या थराच्या खाली आणि बेसमेंटच्या खिडकीच्या उंबऱ्याच्याही खाली राहिली पाहिजे. जुन्या स्लॅबवर थर चढवत नेलेल्या बोळांत नेमकी हीच चूक दिसते.

माल मागवताना

३ × ४० × १/३ फूट म्हणजे ४० घनफूट, दीड घनयार्डाला थोडं कमी (एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट). दहा टक्के वाढवून पावणेदोन यार्ड मागवा. ८० पौंडी पिशवीतून ०.६ घनफूट माल निघतो, म्हणजे ६७ पिशव्या लागतील. शिवाय साध्या पिशवीतल्या मालात हवेचे बुडबुडे नसतात. ट्रकचाच माल घ्या, कमी माल घेतल्याचे जादा पैसे पडले तरी. मागवताना चार आकडे सांगा: ताकद ४,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नको, हवा सुमारे ६ टक्के, स्लम्प (ओला माल किती खाली बसतो, म्हणजे किती सैल आहे, त्याचं माप) चार इंच. ट्रक आल्यावर चिठ्ठीवर हेच आकडे आहेत का ते आधी वाचा.

बोळात ट्रक शिरत नाही. ढकलगाडीत दोन घनफूट, म्हणजे तीनशे पौंड, धरले तरी वीसबावीस फेऱ्या होतात. माल मिसळल्यापासून दीड तासात ट्रक रिकामा व्हायला हवा. तीनचार माणसं हवीतच. "पसरायला जड जातंय, थोडं पाणी घाला" असं कुणीतरी म्हणेल. घालू देऊ नका. यार्डामागे एक गॅलन पाण्याने स्लम्प इंचभर वाढतो, आणि ताकद दीडदोनशे पीएसआयने घटते.

पृष्ठभाग

आपल्याकडे कोबा करताना वर कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि लोखंडी थापीने आरशासारखा घोटतात. महाराष्ट्रातल्या घरात तो पन्नास वर्षं टिकतो. शिकागोत बाहेरच्या कामाला तेच घातक ठरतं. घोटल्याने वरच्या थरातली हवा निघून जाते, खालचं पाणी त्या थराखाली अडकतं आणि पहिल्याच हिवाळ्यात वरचा पातळ थर टवके होऊन उडतो. लाकडी रंधाही (पृष्ठभाग सपाट करायचं पसरट हत्यार) या मालाला चिकटून पृष्ठभाग फाडतो, मॅग्नेशियमचा घ्या.

क्रम असा. फळी ओढून लेव्हल करा आणि लगेच एकदा रंधा फिरवा, मग थांबा. वर पाण्याची चकाकी दिसते तोवर हत्यार लावायचं नाही. त्या पाण्यात रंधा फिरवला की पाणी पुन्हा वरच्या थरात जातं. चकाकी जाऊन अंगठ्याने दाबल्यावर पाव इंच ठसा उठला की कडा गोल करा आणि दर चार फुटांवर इंचभर खोल काप द्या. तीन फुटी बोळात कापांमधलं अंतर साडेचार फुटांच्या वर गेलं तर मधेच तडा जातो. शेवटी एकदा हलका रंधा आणि आडवा झाडू. झाडूच्या रेघांमुळे बर्फावर पाय सरकत नाही.

काप नीट दिले तर एवढ्या छोट्या तुकड्यांना सळई लागत नाही, आणि बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाच्या पाण्यात ती गंजतेच. फक्त जिथे पाइपचा चर नव्याने भरला आहे, त्यावरून ३/८ इंची सळया जाडीच्या मध्यावर टाका.

थंडी आणि मीठ

हे काम मे ते सप्टेंबर या काळात उरका. सात दिवस ओल राखा, मग मात्र पाणी मारणं बंद. हिवाळ्याआधी महिनाभर स्लॅब वाळायला हवी, कारण पाण्याने तुडुंब भरलेलं काँक्रीट बुडबुडे असूनही फुटतं. ऑक्टोबर उजाडलाच आणि पारा ४० अंश फॅरनहाइटखाली जाणार असेल तर इन्सुलेटेड गोधड्या तयार ठेवा. ५०० पीएसआय ताकद येण्याआधी काँक्रीट एकदा जरी गोठलं तर ते कायमचं कमकुवत राहतं. ५० अंशांत ठेवलं तर तेवढी ताकद साधारण दोन दिवसांत येते. गोठलेल्या जमिनीवर ओतू नका. धूर बाहेर न जाणारा हीटर झाकणाखाली लावू नका, कारण त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर पिठूळ होतो.

२८ दिवसांनी कोरड्या दिवशी सिलेनचा (पाणी आत मुरू न देणारा) सीलर मारा. भिंतीलगतची पट्टी अर्धा इंच खरवडून तिथे फोमची दोरी दाबा आणि वर पॉलियुरेथेन (लवचिक सीलंट) भरा. बेसमेंटकडे जाणारं पाणी याच फटीतून उतरतं. पहिला हिवाळा मीठ नको, नुसती वाळू टाका. पुढेही बर्फ वितळवायच्या मिठाच्या पिशवीवर अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट लिहिलेलं असेल तर ती घरात आणू नका. बोळात साचलेला बर्फ भिंतीला टेकवून न ठेवता पुढे-मागे काढा, नाहीतर खारं पाणी त्या मऊ विटा शोषून घेतात. दर वसंतात पॉलियुरेथेनची कड बोटाने दाबून बघा आणि भिंतीपासून सुटली असेल तेवढा तुकडा कापून नवा भरा.