एसटीचं भाडं काढणारी छोटी सर्विस बनवली, त्याचा अनुभव

कोर्स संपला, जॉब नव्हता, रिझ्युमेत टाकायला काहीतरी हवं म्हणून ठरवलं की एसटीचं भाडं काढून देणारी सर्विस बनवू. कुठून, कुठे, वय, बाई की पुरुष, एवढं पाठवा आणि आकडा घ्या. अंतर गुणिले दर, दोन तासांचं काम वाटलं. लागले दोन महिने.

फ्लास्क (पायथॉनमध्ये वेब सर्विस बनवायचं फ्रेमवर्क) एका दुपारीत जमलं, त्यावर वेळ घालवत नाही. खरी गंमत भाड्याची. मॅपवरून किलोमीटर घेतले तर खऱ्या तिकिटाशी जुळेचना, शेवटी स्टँडवर चहा पीत बसलेल्या एका कंडक्टर काकांना विचारलं. "बाळा, किलोमीटर नाही, टप्पा मोज. सहा किलोमीटरचा टप्पा, मधेच उतरलास तरी आख्ख्या टप्प्याचे पैसे." म्हणजे तेरा किलोमीटरला तीन टप्पे! हे मला कुठल्याच ट्युटोरियलने सांगितलं नसतं.

त्यात पायथॉनमध्ये 1.1 अधिक 2.2 केलं की 3.3000000000000003 येतं, आणि वरच्या आकड्याला राउंड करताना ते शेपूट आडवं आलं तर फुकटचा एक टप्पा वाढतो. म्हणून अंतर मीटरमध्ये, रक्कम पैशांत, सगळे पूर्णांक. हे पहिल्या दिवसापासून करा, नंतर बदलताना जीव जातो (माझा गेला).

मग सवलती. 75 च्या वर फुकट, 65 ते 75 अर्धं, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं. माझ्या कोडने सत्तरीच्या आजीला दोन्ही सवलती लावल्या आणि पाव तिकीट काढलं. शिवाय बायकांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या ताईंचं भाडं हद्दीवर तोडून दोन तुकड्यांत काढावं लागतं. तिथे सगळं फंक्शन परत लिहिलं.

सगळ्यात मोठी फजिती जानेवारी 2025 ची. 14.95 टक्के भाडेवाढ 24 तारखेच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे 25 तारीख लागताच लागू होणार होती, मी शहाण्यासारखा नवा दर तारखेसकट टेबलात आधीच टाकून ठेवला आणि झोपलो. सकाळी लॉग बघतो तर साडेपाचपर्यंत सगळ्यांना जुनंच भाडं! सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्याच्याकडे अजून 24 तारीखच चालू. टेस्ट सगळ्या पास होत्या हं, कारण माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर.

तेव्हापासून प्रत्येक उत्तरात टप्पे किती, दर कुठल्या तारखेचा, सवलत कोणती हेही पाठवतो, कोणी "चुकीचं दाखवतंय" म्हटलं की दोन मिनिटांत सापडतं.

इंटरव्ह्यूत फ्लास्कवर एकच प्रश्न आला, उरलेला सगळा वेळ त्या साडेपाचच्या घोळावरच गेला.