ओझेश्कोवा यांच्या स्मारकाचा माहितीफलक कसा लिहावा

नागपुरातील वाचनालयात पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोवा (१८४१–१९१०) यांच्या स्मारकाचे छायाचित्र लावताना फलकाची सुरुवात जन्मसालाने न करता ठिकाणापासून करावी. कारण १९२९ साली ग्रोद्नो येथे त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला तेव्हा ते शहर पोलंडमध्ये होते, आज बेलारूसमध्ये आहे, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरच्या वाचकाला सीमांचे हे सरकणे चटकन उमजेल, असे मला मनापासून वाटते. मग त्यांच्या नीमेन नदीकाठच्या कादंबरीचा उल्लेख यावा, कारण ग्रोद्नो याच नदीवर वसले आहे. अक्षरे ठळक ठेवावीत. खिडकीसमोरची भिंत मात्र टाळावी. उन्हाने काच चकाकते आणि लेखिकेचा चेहराच दिसेनासा होतो.