घारापुरीची तोफांची टेकडी: वाशी-नेरूळहून जाताना या चुका टाळा

घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटावरची टेकडी चढायला अवघड नाही. सगळं बेटच पावणेदोनशे मीटर उंचीच्या आतलं. तरीही कितीतरी जण माथ्यावरच्या तोफांपर्यंत पोचत नाहीत, कारण दम संपण्याआधी वेळ आणि पाणी संपतं.

सुरुवातीलाच वार चुकतो. सोमवारी लेणी बंद. रविवारी हार्बरवर बहुधा मेगाब्लॉक आणि गेटवेला लाँचसाठी रांग. शनिवार बरा. वाशीहून सातची लोकल धरली, सीएसएमटीहून अर्धा तास चाललात, तर नऊच्या सुमाराची लाँच निवांत मिळते. समुद्रात तासभर जातो.

खरी चूक मात्र क्रमाची. धक्क्यावरून साधारण 120 पायऱ्या चढून लोक थेट लेण्यांत शिरतात आणि टेकडी भर दुपारी चढतात. उलट करा. आधी टेकडी, मग लेणी. लेण्यांवरून तोफांपर्यंत रमतगमत अर्धा तास लागतो. अकराच्या आत वर पोचलात तर ऊन पाठीशी असतं आणि पश्चिमेला मुंबई स्वच्छ दिसते. तिसऱ्या प्रहरी तोच सूर्य डोळ्यांवर येतो आणि इमारतींच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. पूर्वेला न्हावा-शेवाच्या क्रेन, उत्तरेला अटल सेतूची रेघ. भर उन्हात लेण्यांतल्या गारव्याला बसायचं, त्यासाठीच ती मागे ठेवायची.

पाणी माणशी 2 लिटर, सोबत ओआरएसची दोन पाकिटं. खाऱ्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. आणि घामाबरोबर मीठही जातं. पोटरीत गोळा आला की नुसतं पाणी ढोसू नका. सावलीत बसा, पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, 1 लिटर पाण्यात एक पाकीट विरघळवून घोट घोट प्या. डोकं जड झालं, मळमळलं, तर तिथूनच खाली फिरा. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर त्याला ओल्या कपड्यानं पुसत, वारा घालत लगेच मदत मागवा. तो उष्माघात असू शकतो.

बाटली हातात मिरवू नका. माकडं रंगीत सरबत आणि करकरणारी पिशवी लांबून ओळखतात, पिशवीची चेनसुद्धा उघडतात. कैरी-काकडी पायऱ्यांवर घेतलीत तर दुकानाशीच संपवा. माकडानं काही धरलंच तर सोडून द्या. ओढाताणीत चावा बसतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबणानं 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रेबीजची लस घ्यावी लागते.

पाय मुरगळतो तो उतरताना. सुक्या पानांखाली खडी असते, चप्पल त्यावरून सरकते. नाडीचे बूट घाला, पावलं आखूड टाका. पावसाळ्यात हा चढ नकोच. समुद्र खवळला की लाँचही बंद होतात.

परतीची शेवटची लाँच कितीची, हे सकाळी धक्क्यावर उतरतानाच विचारा आणि तिच्या दीड तास आधी लेणी सोडा. परतीचं तिकीट वरच्या खिशात ठेवा. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं शेवाळ असतं. लाँचवाल्याचा हात धरल्याशिवाय तिथे पाय टाकू नका.